मेडिकल ट्रान्सक्रिप्शन शिकायचे म्हणजे नेमके काय शिकायचे?

तुम्ही विचारले आहे ते थोडक्यात असे: प्राणिशास्त्रात बीएस्सी झाली आहे, इंग्रजी टंकलेखनाची ४० शब्दांची परीक्षा चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झाली आहे, आणि पुण्यातील एक संस्था सहा महिन्यांच्या मेडिकल ट्रान्सक्रिप्शन अभ्यासक्रमाला नोकरीच्या हमीसह प्रवेश देते आहे. हा अभ्यासक्रम घ्यावा का, त्यासाठी कोणती कौशल्ये लागतात, आणि यंत्रच आता बोललेले लिहून काढत असताना हे काम किती दिवस टिकेल, असे तुमचे तीन प्रश्न आहेत. मी २००४ साली या कामाला लागले, आधी ट्रान्सक्रिप्शनिस्ट, मग एडिटर, मग क्यूए (म्हणजे तयार अहवालांची गुणवत्ता तपासणारी) आणि नंतर प्रशिक्षक म्हणून काम केले. त्या अनुभवावरून सविस्तर उत्तर देते.

अमेरिकेतील डॉक्टर रुग्ण तपासल्यावर किंवा शस्त्रक्रिया आटोपल्यावर आपली नोंद बोलून ध्वनिमुद्रित करतात. ते ऐकून त्याचा नेमका, नियमबद्ध अहवाल तयार करणे हे आपले काम. दाखल होतानाचा इतिहास व तपासणी, दुसऱ्या तज्ज्ञाचा सल्ला, शस्त्रक्रियेची नोंद आणि घरी सोडतानाचा सारांश हे रुग्णालयातील चार मुख्य अहवाल. त्यांशिवाय एक्स-रे, एमआरआय, बाह्यरुग्ण विभागाच्या नोंदी असतात. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर सायंकाळचे पाच वाजतात तेव्हा आपल्याकडे ऋतूप्रमाणे रात्रीचे अडीच किंवा साडेतीन वाजलेले असतात. दिवसभराचे डिक्टेशन आपल्या रात्री आणि पहाटे येऊन पडते व त्यांच्या सकाळपर्यंत अहवाल तयार हवा असतो. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात हे काम भारतात येऊ लागले त्यामागे इंग्रजी येणारे पदवीधर आणि कमी खर्च यांच्याइतकेच वेळेचे हे गणितही होते.

तुम्ही टंकलेखनाचा उल्लेख सर्वांत आधी केला आहे, म्हणून तेही आधी सांगून टाकते. महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेच्या परीक्षेची तुमची ४० शब्दांची गती सुरुवातीला पुरेशी आहे. बोटे न बघता चालत असतील तर गती कामाबरोबर वाढते, आणि ठरावीक वाक्ये दोन-तीन अक्षरांच्या संक्षेपांतून उमटवणारी सॉफ्टवेअर सगळेच वापरतात. पायाखालच्या पेडलने आवाज थांबवणे, मागे घेणे, पुढे नेणे हे आठ दिवसांत अंगवळणी पडते. माझ्या हाताखाली शिकलेल्यांपैकी जे मधेच सोडून गेले, त्यांच्यापैकी टंकलेखन जमत नाही म्हणून गेलेला एकही मला आठवत नाही. ते अडले ते कानापाशी.

कान तयार होणे म्हणजे काय, हे मराठी माध्यमातून आलेल्यांना वेगळे समजावून सांगावे लागते. आपली लिपी उच्चाराच्या बरीच जवळ आहे. जे ऐकले ते लिहिता येते अशी आपल्याला लहानपणापासून सवय असते. वैद्यकीय इंग्रजीत ही सवय पहिल्याच दिवशी अडचणीत आणते. डॉक्टर ‘टोसिस’ म्हणतात, म्हणजे पापणी खाली ओघळणे. शब्दकोशात तो टी या अक्षराखाली शोधत राहिलात तर सापडणारच नाही, कारण त्याची सुरुवात न उच्चारल्या जाणाऱ्या पी ने होते. कमरेतील ‘सोअस’ हा स्नायूही तसाच पी खाली आहे. ‘झायफॉइड’ (छातीच्या मधल्या हाडाचे खालचे टोक) एक्सखाली आहे, आणि ‘यूथायरॉइड’ (थायरॉइडचे काम सुरळीत असलेला) ऐकून कित्येक नवशिके वाय, ओ, यू लिहितात, जेव्हा तो ई आणि यू ने सुरू होतो. म्हणून मी विद्यार्थ्यांना एक वही ठेवायला सांगते: डाव्या बाजूला ऐकलेला उच्चार देवनागरीत, उजव्या बाजूला खरे स्पेलिंग आणि अर्थ. आपली लिपी इथे फार उपयोगी पडते, कारण उच्चार टिपून ठेवायला तिच्याइतके चांगले साधन नाही. अशी वही सहा महिन्यांत दोन-अडीच हजार शब्दांची होते आणि ती छापील शब्दकोशापेक्षा जास्त वेळा उघडली जाते.

खरी कसोटी त्यापुढची आहे, आणि ती सारख्या उच्चारांच्या शब्दांची. ‘इलिअम’ ऐकू आले तर ते लहान आतड्याचे शेवटचे टोक असू शकते किंवा कमरेचे हाड; दोन्हींचा उच्चार एकच, स्पेलिंगमध्ये फरक मधल्या एका अक्षराचा, ई की आय. गिळताना होणारा त्रास ‘डिस्फेजिया’ आणि मेंदूच्या इजेमुळे बोलण्यात येणारा दोष ‘डिस्फेझिया’ यांत फरक एका बारीकशा व्यंजनाचा आहे, आणि पक्षाघाताच्या रुग्णाला हे दोन्ही त्रास एकाच वेळी असू शकतात. ‘पेरिनिअल’ आणि ‘पेरोनिअल’ यांत तर जांघेपासून पायाच्या नडगीपर्यंतचे अंतर आहे. सर्वांत फसवा प्रकार मला अजूनही ‘एफेब्राइल’ वाटतो. हा एक शब्द म्हणून लिहिला तर रुग्णाला ताप नाही; पहिला स्वर वेगळा तोडून लिहिला तर त्याला ताप आहे. कानाला दोन्ही एकच.

हे कसे ओळखायचे? आपण मराठीत ‘जग’ हा शब्द वाचतो तेव्हा ते विश्व आहे की जगण्याची आज्ञा आहे, हे वाक्यावरून ठरवतो आणि उच्चारही त्याप्रमाणे बदलतो. लिपी तिथे मदत करत नाही, संदर्भ करतो. वैद्यकीय डिक्टेशनमध्ये तेच उलट दिशेने करायचे असते. पुढच्या ओळीत डॉक्टरांनी तापमान ९८.६ सांगितले तर ताप नाही, कारण तिथे अंश फॅरनहाइटचे आहेत. आतड्याचा तुकडा काढल्याची शस्त्रक्रिया असेल तर ‘इलिअम’ ई वाला, आणि हाडाचा कलम घेतल्याची असेल तर आय वाला. संदर्भ वापरायचा तर मूळ विषय समजलेला असला पाहिजे, आणि इथेच तुमची बीएस्सी खरी कामाला येते.

शब्दांची घडण आधी शिका. ग्रीक व लॅटिन धातू, उपसर्ग आणि प्रत्यय मिळून बहुतेक शब्द बनलेले असतात, आणि संस्कृत संधी-समास फोडण्याची सवय असलेल्या मराठी विद्यार्थ्याला हे अवघड जात नाही. शेवटी ‘आयटिस’ असेल तर दाह, ‘एक्टमी’ असेल तर तो अवयव काढणे, ‘ऑटमी’ असेल तर छेद घेणे, ‘ऑस्टमी’ असेल तर नवीन तोंड ठेवणे. शेवटच्या तिघांचे उच्चार घाईच्या बोलण्यात एकमेकांत मिसळतात, त्यामुळे प्रत्येकाचा अर्थ पाठ असून भागत नाही. डॉक्टर त्या क्षणी रुग्णाच्या शरीरात काय करत आहेत हे डोळ्यांसमोर दिसले पाहिजे.

पित्ताशय दुर्बिणीने काढण्याची शस्त्रक्रिया घ्या, कारण ती नवशिक्याच्या वाट्याला लवकर येते. बेंबीजवळ छेद घेतात, पोटात कार्बन डायऑक्साइड भरतात, बहुधा १५ मिलिमीटर पाऱ्याच्या दाबापर्यंत, आणखी छिद्रांतून उपकरणे आत जातात, सिस्टिक डक्ट (पित्ताशयाची नळी) आणि सिस्टिक आर्टरी (पित्ताशयाची धमनी) मोकळ्या करून त्यांना क्लिप लावून कापतात, मग पित्ताशय यकृतापासून सोडवून बाहेर काढतात. हा क्रम ज्याला माहीत आहे त्याला पुढचा शब्द येण्याआधीच त्याची चाहूल लागते, आणि डॉक्टर पुटपुटले तरी तो गोंधळत नाही. उलट, तुम्हाला ‘कॉमन बाइल डक्ट’ला, म्हणजे पित्त आतड्यात नेणाऱ्या मुख्य नळीला, क्लिप लावून ती कापल्याचे ऐकू आले, तर हात थांबले पाहिजेत. तसे झाले असेल तर ती शस्त्रक्रियेतील गंभीर इजा आहे. झाले नसेल तर तुमचे ऐकणे चुकले आहे किंवा डॉक्टरांची जीभ घसरली आहे. तिन्ही शक्यतांत तो अहवाल पुढे गुपचूप सोडता येत नाही.

औषधे आणि प्रयोगशाळेतील आकडे यांनाही हेच लागू आहे. लेव्होथायरॉक्सिन हे थायरॉइडचे औषध मायक्रोग्रॅममध्ये देतात. तिथे तुमच्या हातून मिलिग्रॅम लिहिले गेले तर मात्रा हजारपट होते. डॉक्टर ‘पोटॅशियम फोर टू’ म्हणाले तर ते ४.२ आहे, कारण रक्तात ४२ पोटॅशियम असलेला माणूस जिवंत असू शकत नाही. हायड्रॅलझिन रक्तदाबाचे आणि हायड्रॉक्सिझिन खाज व अस्वस्थतेचे; रुग्णाला काय झाले आहे हे लक्षात ठेवून ऐकले तर गोंधळ होत नाही. सामान्य मूल्ये आणि शंभर-दीडशे नेहमीच्या औषधांच्या मात्रा पाठ करा. हे काम घोकंपट्टीचे आहे, पण तिला पर्याय नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाची मेडलाइनप्लस आणि डेलीमेड ही संकेतस्थळे विनामूल्य आहेत. औषधाचे नाव, मात्रा, उपयोग पडताळायला ती रोज उघडी ठेवावीत.

आता ज्या एका गोष्टीवरून मी कोणत्याही शिकाऊ व्यक्तीची पारख करते तिच्याकडे येते, ती म्हणजे ब्लँक. ऐकू न आलेल्या जागी रिकामी रेघ सोडून, ध्वनिफितीतील वेळ नोंदवून अहवाल पुढे पाठवणे याला आपल्याकडे ब्लँक सोडणे म्हणतात. सुरुवातीच्या महिन्यांत ब्लँक जास्त सुटतात आणि शिकणाऱ्याला त्याची लाज वाटते. मग तो ऐकल्यासारखा वाटणारा, वाक्यात बसणारा एखादा शब्द तिथे ठेवून देतो. मीही पहिल्या वर्षी असे केले होते. मधुमेहाच्या एका रुग्णाच्या औषधाचा आकडा नीट ऐकू आला नव्हता, १५ की ५० हे कळत नव्हते, आणि त्या दिवशी माझे ब्लँक आधीच जास्त झाले होते म्हणून मी ५० लिहून टाकले. क्यूएमधील ज्येष्ठ सहकारी बाईंनी ते पकडले, मला शेजारी बसवून तोच भाग सहा वेळा ऐकवला आणि विचारले, “तुम्हाला ५० ऐकू आले होते, की ५० हवे होते?” त्यांनी आवाज चढवला नव्हता, तरी तो प्रश्न मी आजतागायत विसरलेले नाही आणि प्रत्येक नव्या तुकडीला पहिल्या आठवड्यात सांगते.

हे मी उगाच भीती घालायला सांगत नाही. अमेरिकेतील अलाबामा राज्यात २००८ मध्ये रुग्णालयातून सोडलेल्या एका महिलेच्या सारांशात लेव्हेमिर या इन्सुलिनची ८ युनिटची मात्रा ८० युनिट अशी लिहिली गेली. ज्या केंद्रात ती पुढील उपचारांसाठी गेली तिथे तेवढी मात्रा दिली गेली आणि ती दगावली. २०१२ च्या डिसेंबरमध्ये तेथील ज्युरीने तिच्या कुटुंबाला १४ कोटी डॉलर देण्याचा निर्णय दिला. ते ट्रान्सक्रिप्शनचे काम उपकंत्राटातून भारतात आलेले होते. ‘एट’ आणि ‘एटी’ यांत फक्त शेवटच्या एका स्वराचा फरक आहे, आणि तो स्वर ऐकू आला की नाही हे फक्त हेडफोन लावलेल्या माणसालाच ठाऊक असते. अशा जागी ब्लँक सोडणे ही कमीपणाची गोष्ट नाही. अहवाल डॉक्टरांकडे परत जातो, ते एका मिनिटात आकडा भरतात आणि रुग्ण सुरक्षित राहतो.

आकडे लिहिण्याचे नियमही अशाच अपघातांतून आलेले आहेत. अमेरिकेतील रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या जॉइंट कमिशनने २००४ मध्ये वापरू नयेत अशा संक्षेपांची यादी लागू केली. १ मिलिग्रॅमला १.० लिहायचे नाही, कारण मधला बिंदू पुसट झाला की १० होतात, अर्ध्याला नुसते .५ लिहायचे नाही, आधी शून्य हवे. युनिट या शब्दासाठी नुसते यू हे अक्षर लिहायचे नाही, कारण ते शून्यासारखे दिसते. हे नियम कारणासकट शिका, म्हणजे ते हातातून सुटत नाहीत.

इंग्रजी व्याकरणाबद्दल मराठी विद्यार्थ्यांना दोन ठिकाणी जास्त कष्ट पडतात: आर्टिकल्स आणि काळ. मराठीत ए, अॅन, द यांना समांतर काही नाही, त्यामुळे ती गळतात किंवा नको तिथे येतात. काळाच्या बाबतीत रुग्णाचा पूर्वेतिहास व शस्त्रक्रिया भूतकाळात आणि आजची तपासणी बहुधा वर्तमानकाळात येते, आणि डॉक्टर स्वतः यांत सरमिसळ करतात. डॉक्टरांचे वाक्य व्याकरणात बसवण्याइतका हात लावता येतो. अर्थाला हात लावता येत नाही. शस्त्रक्रियेच्या शीर्षकात उजवा गुडघा आणि मजकुरात डावा गुडघा आला, तर दोन्हींपैकी बरोबर कोणता हे आपण ठरवायचे नसते, टीप लावून विचारायचे असते. १९७८ मध्ये अमेरिकेत स्थापन झालेल्या आणि २००७ मध्ये नाव बदललेल्या ट्रान्सक्रिप्शनिस्टांच्या संघटनेने यासाठी तपशीलवार शैलीनियम घालून दिले, आणि बहुतेक कंपन्यांचे नियम त्यांवरच आधारलेले असतात. संस्था निवडताना ते नियम शिकवतात का, हे जरूर विचारा.

गोपनीयतेविषयी वेगळे पुस्तक वाचायची गरज नाही, पण सवय मात्र कडक हवी. अमेरिकेच्या १९९६ च्या हिपा कायद्याप्रमाणे रुग्णाची ओळख पटवणारी कोणतीही माहिती बाहेर जाता कामा नये. कार्यालयात फोन बाहेर ठेवावा लागतो. घरून काम करणाऱ्यांना तीच शिस्त स्वतःहून पाळावी लागते. एखादा शब्द कळला नाही म्हणून पडद्याचे छायाचित्र मैत्रिणीला व्हॉट्सअॅपवर पाठवणे किंवा अहवालाचा परिच्छेद एखाद्या सार्वजनिक एआय साधनात चिकटवणे, हे आजच्या मुलांना साधे वाटते. त्याने नोकरी जाते, आणि ती जाणे योग्यच असते.

तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मी गोड करून देणार नाही. मी आले तेव्हाचे दिवस आता नाहीत. अमेरिकेत २००९ च्या हायटेक कायद्याने डॉक्टरांना संगणकीय नोंदींसाठी अनुदान दिले आणि बरेच डॉक्टर ठरावीक चौकटींत स्वतः नोंद करू लागले. त्याच सुमारास आवाज ओळखणारी सॉफ्टवेअर कच्चा मसुदा तयार करू लागली आणि आमच्यापैकी बहुतेकांचे काम लिहिण्याऐवजी मसुदा दुरुस्त करण्याचे झाले. मायक्रोसॉफ्टने २०२२ मध्ये सुमारे १,९७० कोटी डॉलरना न्यूआन्स ही आवाज ओळखणारी सॉफ्टवेअर बनवणारी कंपनी घेतली, आणि आता डॉक्टर व रुग्ण यांचे संभाषण ऐकून थेट नोंद तयार करणारी साधने दवाखान्यांत आली आहेत. अमेरिकेच्या श्रम सांख्यिकी विभागाचा अंदाजही या नोकऱ्या घटण्याचा आहे. मोबदला ओळींवर मोजतात, एक ओळ म्हणजे बहुधा ६५ अक्षरे, आणि दुरुस्तीच्या ओळीला टंकलेल्या ओळीपेक्षा कमी दर मिळतो.

तरीही माणूस लागतो, आणि तो का लागतो हे समजले तर तुम्ही नेमके काय शिकायचे तेही ठरते. नवशिका माणूस अडखळतो तिथे ब्लँक सोडतो, चुकीचे स्पेलिंग लिहितो, त्यामुळे त्याची चूक दिसते. यंत्राची चूक शुद्ध इंग्रजीत, स्वच्छ वाक्यात येते. डॉक्टर म्हणतात छातीत दुखत नाही, यंत्र ‘नाही’ गाळते आणि वाक्य तरीही निर्दोष दिसते. डोळे वाचत जातात, कान त्यांच्यामागून फरपटत जातात आणि चूक निसटते. मसुदा तपासताना कान पुढे आणि डोळे मागे ठेवणे हे वेगळे कौशल्य आहे, आणि आधी कोऱ्या पानावर भरपूर ऐकून लिहिलेल्या माणसालाच ते येते असा माझा अनुभव आहे. म्हणून थेट एडिटिंग शिकवणारा दोन महिन्यांचा अभ्यासक्रम मी कोणालाही सुचवत नाही.

याच पायावर शेजारची कामेही उभी राहतात. दुरून तपासणी ऐकत त्याच वेळी नोंद लिहिणारा स्क्राइब, एआय मसुद्यांचा परीक्षक, आणि मेडिकल कोडिंग, ज्यात अहवाल वाचून निदान व उपचारांना ठरलेले सांकेतिक क्रमांक द्यायचे असतात. कोडिंगला बहुतेक ठिकाणी जीवशास्त्रातील किंवा वैद्यकाशी संबंधित पदवी मागतात, ती तुमच्याकडे आहे. केवळ ट्रान्सक्रिप्शनवर तीस वर्षांची नोकरी काढण्याचा हिशेब मात्र आज करू नका. हे शिक्षण पहिली पायरी म्हणून घ्या.

संस्थेकडे जाल तेव्हा नोकरीच्या हमीचे बोलणे बाजूला ठेवा, कारण अशी हमी कोणतीही प्रामाणिक संस्था देऊ शकत नाही. सहा महिन्यांत खऱ्या डॉक्टरांच्या आवाजातील, ओळख पुसलेले किती तासांचे डिक्टेशन ऐकवणार, ते विचारा; शिक्षकांनी बोलून दाखवलेले उतारे त्यात धरू नका. तुमचा प्रत्येक अहवाल ध्वनिफितीशी ताडून परत देणार का, आणि तो तपासणारी व्यक्ती स्वतः किती वर्षे हे काम करत होती, तेही विचारा. भारतीय, फिलिपिनो, स्पॅनिश वळणाचे इंग्रजी बोलणारे डॉक्टर ऐकायला मिळतील का, हेही महत्त्वाचे आहे. भारतीय वंशाचे डॉक्टर आपल्याला सोपे जातील हा समज पहिल्याच आठवड्यात मोडतो. आणि ‘घरबसल्या टायपिंग’ म्हणून नोंदणी शुल्क किंवा अनामत मागणारे लोक भेटतील. काम देण्याआधी जो पैसे मागतो, त्याच्याकडे काम नसते.

पैसे भरण्यापूर्वी महिनाभर घरी एक प्रयोग करा. अमेरिकन शल्यचिकित्सकांची व्याख्याने यूट्यूबवर मिळतात. त्यातील पाच मिनिटांचा भाग नेहमीच्या वेगाने ऐका आणि शब्दशः लिहा. पहिल्या दिवशी पाच मिनिटांना तास लागला तरी चालेल, माझ्या सरावातल्या विद्यार्थ्यांनाही सुरुवातीला तेवढाच लागतो. कळले नाही तिथे रेघ सोडा आणि वेळ लिहून ठेवा. आवाज मात्र वाढवत नेऊ नका. न कळलेला शब्द मोठ्याने ऐकून कळत नाही आणि कान बिघडतात. नंतर त्या विषयावर मेडलाइनप्लसवर वाचन करा, उच्चारांच्या वहीत नोंदी करा आणि आठ दिवसांनी तोच भाग पुन्हा ऐका. पहिल्या वेळच्या किती रेघा भरल्या गेल्या ते मोजा, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे पहिल्या वेळी खात्रीने लिहिलेल्यांपैकी किती शब्द चुकीचे निघाले ते मोजा. महिनाअखेर हा दुसरा आकडा कमी होत गेलेला दिसला, तर ती वही घेऊनच संस्थेत जा आणि ती त्यांच्या शिक्षकांना दाखवा.